घरच्या वजनी व्यायामात दम कसा आणावा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरातली सगळी मंडळी बेळगावजवळच्या राजहंसगडावर गेलो होतो. गाड्या पायथ्याच्या येळ्ळूर गावातच लावल्या आणि चालत निघालो. माझं वय सत्तेचाळीस. बारा वर्षं माडीवर वजनं उचलतोय, खांद्यावर ८० किलोचा बार घेऊन पाच बैठका मारतो. तरी निम्म्या चढावरच मला धाप लागली. माझ्या काकांची साठी उलटलीय. त्यांनी आयुष्यात डंबेल हातात धरला नाही, पण रोज सकाळी शेताकडं चालत जातात. ते गप्पा मारत मारत पुढं निघून गेले. वर तटाला टेकून बसल्यावर मला म्हणाले, "ताकद हाय रे तुझ्यात, दम न्हाई."

ते खरंच होतं. जड वजन पाच वेळा उचलायचं आणि तीन मिनिटं बसायचं, या पद्धतीनं स्नायूंतले झटक्याचे तंतू तयार होतात. हृदयाला सलग काम फारसं पडत नाही. दमाचं काम संथ तंतूंचं असतं. त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या आणि पेशींमधली ऊर्जा बनवणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात, पण त्यासाठी बराच वेळ चालू राहणारं, मध्यम कष्टाचं काम लागतं. आपल्याकडच्या तालमींत जोर-बैठका शेकड्यांनी मारतात, त्यामागं हेच आहे.

म्हणून वजनं विकून टाकू नका. तिशीनंतर स्नायू दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जातात, आणि म्हातारपणी पडल्यावर माणूस उठतो की अंथरुणाला खिळतो, हे बरंचसं पायांतल्या ताकदीवर ठरतं. ताकद टिकवायला आठवड्यातला एक जड दिवस पुरतो. बाकीचे दिवस दमाला द्या.

आधी नाडी मोजा

घराच्या पायरीसमोर उभे राहा. तीन मिनिटं एका लयीत चढा-उतरा. मग लगेच खाली बसा आणि मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. माझा पहिला आकडा १२८ होता. दर महिन्याला त्याच पायरीवर, त्याच लयीत, शक्यतो सकाळी चहाच्या आधी मोजा. आरशापेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो.

ब्लडप्रेशर, शुगर किंवा हृदयाचा त्रास असेल तर हे करण्याआधी डॉक्टरांना विचारा. शुगरची औषधं चालू असणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण व्यायामानं साखर एकदम खाली येऊ शकते.

वजन निम्मं, वेळ दुप्पट

सोमवारी आणि शुक्रवारी फेऱ्या करायच्या. ज्या वजनानं तुमचे जेमतेम सहा होत होते, त्याच्या निम्मं घ्या आणि पंधरा करा. आणखी दोन-तीन निघाले असते असं वाटेल तिथं थांबा. माझी एक फेरी अशी: पंधरा बैठका, बारा जोर, खुर्चीला एक हात टेकून दुसऱ्या हातानं डंबेल कमरेकडं ओढणं प्रत्येकी पंधरा, मग घागरी घेऊन चालणं, आणि शेवटी कोपरांवर फळीसारखं ताठ राहणं ३० सेकंद. दोन प्रकारांमध्ये अर्धा मिनिट आणि फेरी संपल्यावर दोन मिनिटं विश्रांती. पहिले दोन आठवडे दोनच फेऱ्या करा. आठव्या आठवड्यापर्यंत चार झाल्या तरी पुष्कळ.

घागरींबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण या सगळ्यात माझा सर्वांत जास्त भरवसा त्यांच्यावर आहे. दोन सारख्या घागरी किंवा कडीचे प्लास्टिकचे डबे घ्या आणि निम्मे भरा. खाली बसून, पाठ सरळ ठेवून, पायांच्या जोरावर उचला. खांदे मागं, नजर समोर. अंगणात चाळीस पावलं जा आणि या. पाणी हिंदकळलं तर समजायचं की चाल बिघडली. पावलं लहान करा. पकड, पोट, पाठ, पिंढऱ्या आणि श्वास या सगळ्यांना एकाच वेळी काम लागतं, आणि पुढं बाजाराची पिशवी, तांदळाचं पोतं किंवा नातवंड उचलताना हीच हालचाल उपयोगी पडते.

खाली जाताना मनात तीन मोजा. वर येताना श्वास सोडा. श्वास कोंडून जोर लावायची सवय जड वजनांमुळं लागते आणि त्यानं रक्तदाब एकदम चढतो. ती मोडायला मला महिना लागला.

बुधवार जड दिवस. बैठक, ओढणं आणि ढकलणं, प्रत्येकाचे पाच-सहाचे तीन सेट, मध्ये पूर्ण विश्रांती. बास.

चालणं हाच निम्मा व्यायाम

वजनं उचलणारे लोक चालण्याला व्यायाम मानत नाहीत. मीही मानत नव्हतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. मध्यम गती ओळखायला घड्याळ लागत नाही: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. मंगळवार, गुरुवार, शनिवार चाळीस मिनिटं. बेळगावात असाल तर व्हॅक्सिन डेपोच्या आवारात झाडांखाली सकाळी सोबतीला माणसं असतात. खेड्यात असाल तर उसाच्या फडाकडचा रस्ता बरा. रविवारी तास-दीड तास, जमल्यास चढाचा. आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वेळ वाढवू नका. स्नायू लवकर तयार होतात, गुडघ्यांचे स्नायुबंध आणि कुर्च्या मागून येतात, आणि दुखणं त्या अंतरातच शिरतं.

जून ते सप्टेंबर इथला पाऊस माणसाला घरात डांबतो. तेव्हा सोप्यात किंवा जिन्यावर पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन खेपा करा.

खुराक

प्रथिनं वजनाच्या प्रत्येक किलोला साधारण ०.८३ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम. एवढं तरी पोटात जायलाच हवं. अर्धी वाटी कच्च्या डाळीत दहा-बारा ग्रॅम, मोठा पेला दुधात आठ, मूठभर शेंगदाण्यांत सात आणि एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास मिळतात. मटकीची उसळ, भाकरी आणि ताक यावर दम चांगला टिकतो. नुसत्या भातावर टिकत नाही, आपला तांदूळ कितीही वासाचा असला तरी.

दर चौथ्या आठवड्याला फेऱ्या निम्म्या करा आणि झोप वाढवा. छातीत दाब, चक्कर किंवा सुजलेला गुडघा असेल तर त्या दिवशी व्यायाम बंद, आणि छातीत दाब असेल तर सरळ दवाखाना.

बाराव्या आठवड्यात माझी नाडी १०९ वर आली. बार अजून ८० चाच आहे. मार्च संपायच्या आत, उन्हं चढायच्या आधी, काकांबरोबर पुन्हा गडावर जायचं ठरलंय. या वेळी गप्पा मारत चढायचं आहे.