मनोगतिकीय दृष्टिकोनातून वर्तनाचा अर्थ कसा लावावा

मनोगतिकीय दृष्टिकोनाचे मूळ गृहीतक असे आहे की, माणसाच्या वागण्यामागील काही प्रेरणा त्याच्या स्वतःच्याच जाणिवेबाहेर असतात आणि त्या प्रेरणांमध्ये सतत संघर्ष चालू असतो. हे गृहीतक वापरून एखादे वर्तन समजून घ्यायचे असेल, तर प्रथम असे वर्तन निवडावे जे पुन्हा पुन्हा घडते आणि ज्यात त्या व्यक्तीचे स्वतःचेच नुकसान होते. एकदाच घडलेल्या प्रसंगावरून अबोध मनाविषयी, म्हणजे जाणिवेबाहेरच्या या भागाविषयी, काहीही अनुमान काढू नये. उदाहरणादाखल अशी व्यक्ती घेऊ, जी हाती घेतलेले काम कौशल्याने जवळजवळ पूर्ण करते, परंतु ते काम तपासले जाण्याची वेळ आली की सोडून देते आणि दर वेळी निराळे कारण सांगते. हे वर्तन जसे दिसते तसेच आधी लिहून काढावे. ‘घाबरट’, ‘आळशी’ अशी विशेषणे त्यात येऊ देऊ नयेत, कारण विशेषण लावले की शोध तिथेच थांबतो.

त्यानंतर साधी कारणे तपासावीत. थकवा, आजारपण, कौशल्याची उणीव किंवा खरोखरच प्रतिकूल असलेली परिस्थिती यांपैकी एखाद्या कारणाने वर्तनाचा पुरेसा उलगडा होत असेल, तर अबोध मनापर्यंत जाण्याची गरज नाही. विसरण्याच्या बाबतीतही हाच विवेक ठेवावा. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने १९०१ मध्ये दैनंदिन जीवनातील बोलण्याच्या आणि विसरण्याच्या चुकांचा अर्थ लावून दाखवला खरा; पण थोडी आठवण करून दिल्यावर जे सहज आठवते ते त्याच्याच मांडणीनुसार बोधपूर्व स्तरावरचे असते, अबोध स्तरावरचे नव्हे. अबोध स्तरावरील आशय नुसते लक्ष दिल्याने वर येत नाही, कारण त्याला रोखून धरणारी शक्ती कार्यरत असते.

साधी कारणे अपुरी पडली की संघर्ष शोधावा. १९२३ मध्ये फ्रॉइडने मांडलेल्या इदम् (इच्छा), अहम् (तडजोड घडवणारा) आणि पराहम् (आतून मनाई करणारा) या संकल्पना येथे तीन प्रश्नांसारख्या वापरता येतात: या व्यक्तीला काय हवे आहे, ते मिळवण्यास तिला आतून कोण मनाई करते, आणि या दोहोंमध्ये तिने कोणती तडजोड केली आहे? हे मेंदूतील तीन भाग नाहीत, ही गोष्ट पाठ्यपुस्तके सांगतात आणि त्यांतील आकृत्या विसरायला लावतात. आपल्या उदाहरणात कौतुकाची इच्छा एका बाजूला असेल. यश मिळवणे म्हणजे आपल्या जवळच्या कोणाला तरी मागे टाकणे, म्हणून ते अपराधासारखे आहे, असा पराहम्‌चा निवाडा दुसऱ्या बाजूला असेल. आणि काम अर्धवट सोडणे ही अहम्‌ने काढलेली वाट असेल. यश हाती येताच कोलमडणाऱ्या माणसांविषयी फ्रॉइडने १९१६ मध्ये लिहिले होते, तेव्हा ही शक्यता दूरची नाही.

सर्वाधिक वेळ संरक्षण यंत्रणांवर, म्हणजे अस्वस्थ करणाऱ्या भावनांपासून मन नकळत करत असलेल्या बचावाच्या पद्धतींवर, घालवावा, कारण अबोध संघर्ष थेट दिसत नाही, त्याच्यापासून होणारा बचाव मात्र दिसतो. फ्रॉइडची मुलगी ॲना फ्रॉइड हिने १९३६ मध्ये या यंत्रणांची पद्धतशीर मांडणी केली. त्या ओळखताना भावना कोणाची आणि ती कुठे गेली, एवढे पाहिले तरी बराच गोंधळ टळतो. वरिष्ठावरचा राग कनिष्ठावर निघाला तर ते विस्थापन होय. राग स्वतःचाच असताना समोरचाच आपल्यावर रागावला आहे असे वाटू लागले तर ते प्रक्षेपण होय. दर वेळी नवे आणि पटण्याजोगे कारण पुढे करणे हे समर्थन असू शकते. प्रतिक्रिया निर्मितीबाबत, म्हणजे मूळ भावनेच्या नेमके उलट वागण्याबाबत, विशेष जपावे. प्रेमाने वागणाऱ्याच्या मनात द्वेष आहे असे म्हणायला काहीच लागत नाही, आणि याच यंत्रणेचा सर्वाधिक गैरवापर होतो. वागण्यात अतिरेक आणि ताठरपणा असेल, आणि दडवलेली भावना अधूनमधून डोके वर काढत असेल, तरच तिचा विचार करावा.

बालपणाकडे वळताना मनोलैंगिक अवस्थांमध्ये, म्हणजे शरीरसुखाच्या बदलत्या केंद्रांनुसार फ्रॉइडने मांडलेल्या बालविकासाच्या टप्प्यांमध्ये, अडकून पडण्याचे कारण नाही. त्यांना आज फारसा अनुभवसिद्ध आधार उरलेला नाही. १९११ मध्ये फ्रॉइडपासून दूर झालेल्या आल्फ्रेड ॲडलरने न्यूनत्वाच्या भावनेवर भर दिला, मनोविश्लेषक एरिक एरिक्सनने सामाजिक नात्यांतून घडणारा विकास आयुष्यभराच्या आठ टप्प्यांत मांडला आणि मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बीने आसक्तीचा, म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातील भावनिक बंधाचा, सिद्धांत विकसित केला. यांपैकी शेवटच्या सिद्धांताला निरीक्षणांचे पाठबळ सर्वांत भक्कम आहे. प्रत्यक्षात एवढेच पाहावे की आजच्या नात्यांत जुन्या नात्याची पुनरावृत्ती होते का. काम तपासणारा माणूस सौम्य असला तरी तो कठोरच वाटतो का? उपचाराच्या खोलीत यालाच भावसंक्रमण म्हणतात, आणि ते आठवणींपेक्षा अधिक विश्वासार्ह असते, कारण ते डोळ्यांदेखत घडते. स्वप्नांचा आधार घ्यायचाच असेल, तर प्रतीकांचे तयार कोश बाजूला ठेवून, स्वप्नातील एकेका तपशिलाला धरून त्या व्यक्तीला काय काय सुचते ते मुक्त साहचर्याने ऐकावे.

काढलेला अर्थ समोरच्याला ऐकवू नये. फ्रॉइडने १९१० मध्येच अशा ‘रानटी’ मनोविश्लेषणाविरुद्ध इशारा दिला होता: अज्ञात गोष्ट नुसती सांगून टाकल्याने ती उमजत नाही, उलट प्रतिकार वाढतो. स्वतःविषयीच्या शोधात त्रास वाढू लागला, तर पुढचे काम प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाबरोबर करावे.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. हा सिद्धांत कोणत्याही वर्तनाचा अर्थ लावू शकतो, म्हणून तो खोटा ठरवताच येत नाही, असा आक्षेप विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याने घेतला होता. त्याला उत्तर म्हणून आपल्या अनुमानाखाली एक वाक्य लिहावे: काय दिसले तर मी हे अनुमान सोडून देईन? आपल्या उदाहरणात ती व्यक्ती कोणीही न तपासणारी कामेसुद्धा तशीच अर्धवट सोडत असेल, तर मूल्यमापनाशी जोडलेला अपराधभाव हे स्पष्टीकरण गळून पडते आणि लक्ष टिकवण्याच्या अडचणीसारख्या साध्या कारणांकडे परत जावे लागते.