लेकरासोबत सुतारकाम करताय? या चुका टाळा

चिपळूणला आमच्या पडवीत मी आणि माझी लेक सहा वर्षं एकत्र लाकूडकाम करतोय. बघायला येणारे हौसेनं घरी आपलं थाटतात आणि महिन्याभरात फोन करतात. रडगाणं तेच.

सगळ्यांत वाईट खोड म्हणजे पोरांना मुद्दाम बोथट हत्यार देणं. "लागेल हो त्याला!" अहो, लागतं ते बोथटानंच. लेक नऊ वर्षांची असताना मीही असाच शहाणपणा करून धार गेलेली पटाशी तिच्या हाती दिली. शिवण लाकडाच्या तुकड्यात खाच पाडत होती. पटाशी शिरेना, म्हणून तिनं अंगाचा भार टाकला. पटाशी सटकली ती थेट माझ्या डाव्या तळहातात. तुकडा मी हातानं धरला होता आणि शेगडा, म्हणजे लाकूड आवळून धरायचा चाप, दोन हातांवर रिकामा! चार टाके पडले. आता बसलं की आधी निसण्यावर 25 अंशांची धार काढायची. मग पाइनचा एखादा तुकडा शेगड्यात उभा आवळून त्याच्या टोकाची पटाशीनं छाट घ्यायची. सलग पापुद्रा निघाला तरच कामाला हात. तुकडा शेगड्यात आणि दोन्ही हात धारेच्या मागे. इथे घासाघीस नाही.

दुसरी चूक प्रेमापोटी होते, म्हणून जास्त चिडवते. लेकीनं स्टूल केलं, एका पायाची कूस (खाचेत बसणारं टोक) मिलिमीटरभर बारीक झाली, पाय डुगडुगायला लागला. ती झोपल्यावर मी पातळ पट्टी चिकटवून सांधा पक्का केला. सकाळी तिनं स्टूल हलवून पाहिलं. "बाबा, हे हलत नाहीये." मग खिशातून स्वतः तासून ठेवलेली पाचर काढून बाकावर ठेवली आणि आत गेली. तीन आठवडे पडवीत फिरकली नाही. आता तिच्या फळीवरच्या वस्तूला मी बोट लावत नाही. हात फारच शिवशिवले तर रंध्याचं पातं घासत बसतो. तिनं विचारलंच, तर रद्दी तुकड्यावर करून दाखवतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. बाक एकच असेल तर मुलासाठी पायाखाली भक्कम पाट हवा. बाक साधारण मनगटाच्या उंचीला यावा, छातीला नव्हे. मे महिन्यात घट्ट बसवलेला ड्रॉवर जुलैत उघडत नाही, कारण फळी दमटपणानं रुंदीत फुगते, लांबीत जवळपास नाहीच. फटीला जागा सोडा. फेविकॉल लावून तासाभरात स्टुलावर बसून बघू नका, रात्र जाऊ द्या. पॉलिश पेपर मारताना दोघांनीही मास्क लावायचा. फिरत्या यंत्रावर हातमोजे नकोत. आणि जवसाच्या तेलाचे बोळे कोपऱ्यात कोंबून ठेवू नका, ते आपसूक तापून पेट घेतात. आम्ही ते अंगणातल्या दोरीवर एकेक पसरून वाळवतो.

राहता राहिले पहिल्याच रविवारी "राउटर (लाकडात खोबणी पाडायचं यंत्र) कुठला घेऊ?" म्हणून विचारणारे. त्यांना मी सांगतो, आधी हातकरवतीनं रेषेवर दहा काप मारा आणि फोटो पाठवा. आजवर दोघांनीच पाठवले. त्यातल्या एकाचे काप बापाचे नव्हते, पोराचे होते.