काशीच्या गल्ल्यांत वाट चुकली तर

विश्वनाथाच्या आजूबाजूच्या गल्ल्या इतक्या अरुंद की मोबाइलचा मॅप गंडतो, निळा ठिपका भलत्याच गल्लीत दाखवतो. आईला घेऊन अर्धा तास तिथल्या तिथेच फिरलो तेव्हा हे सुचलं.

१. लॉजवर सामान टाकलं की आधी जवळचा घाट कुठला ते विचारा, भिंतीवर मोठ्या अक्षरात नाव रंगवलेलं असतं त्याचा फोटो काढून ठेवा.

२. चुकलात की मॅप बंद, "घाट किधर?" विचारत सरळ गंगेवर उतरायचं.

३. गंगेकडे तोंड केलं की उजवीकडे अस्सी घाट, डावीकडे राजघाट, मग नावं वाचत चालायचं, मध्येच भोसले घाट, अहिल्याबाई घाट अशी आपली नावं दिसली की फार बरं वाटतं.

फक्त पावसाळ्यात हे नको, पायऱ्या पाण्याखाली जातात आणि घाटाघाटाने जाता येत नाही.