पायपेटीवरून पाइप ऑर्गनवर: बर्मिंगहॅममध्ये चर्चचं काम शोधताना

नगरला आमच्या चर्चमध्ये मी चौदा वर्षं पायपेटी वाजवली. दोन्ही पाय भात्यावर, दोन्ही हात पट्ट्यांवर. रविवारच्या उपासनेला ‘उपासना संगीत’मधली गीतं, नाताळात कॅरल्स, आणि रेव्हरंड टिळकांचं भजन असलं की शेजारी तबला. पुण्यात लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची पियानोची सहावी श्रेणीही दिली होती. एवढ्या भांडवलावर मी बर्मिंगहॅमला आलो. बायकोला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली होती आणि मी तिच्यामागून आश्रित व्हिसावर.

इंग्लंडमध्ये चर्चना ऑर्गनवादक मिळत नाहीत, हे निघण्याआधी बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. ते खरंच आहे. पण मिळत नाहीत म्हणजे तुमची वाट बघत बसलेत असं नव्हे. पहिल्या दोन महिन्यांत मी नऊ जाहिरातींना अर्ज केले. सहा ठिकाणांहून उत्तरच नाही, तिघांनी नम्रपणे नकार कळवला. चूक माझीच होती. जाहिरातीत ‘ऑर्गनिस्ट’ लिहिलेलं असलं, तरी बहुतेकांना गायकवृंद तयार करणारा माणूस हवा असतो, आणि त्याला वाजवताना ऐकलेल्या दोघांची शिफारस. माझं वाजवणं ऐकलेली माणसं सगळी नगरला.

काम मिळालं ते वेगळ्याच वाटेने. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार असायचे. सकाळी दारावर उभं राहायचं, कोणी गैरहजर असला की त्याच्या जागी आत. ऑर्गनवादकांतही तसंच चालतं, इथे त्याला ‘डेप’ म्हणतात. कायम वादक सुट्टीवर, आजारी किंवा नातवाच्या बारशाला गेला की डेपला फोन येतो. नव्या शहरात आलेल्याने कायम जागेच्या मागे न लागता आधी या बदलीच्या यादीत नाव घालावं. ऑगस्ट महिना, नाताळनंतरचा रविवार आणि ईस्टरनंतरचा रविवार हे बदलीचे हंगाम. वर्षभर राबलेले वादक तेव्हा हमखास गावाला जातात. म्हणजे ओळखी मे-जूनपर्यंत व्हायला हव्यात.

ओळखी कशा करायच्या? ‘काम आहे का’ असं विचारू नका. ‘आठवड्यातून एकदा तासभर सरावाला ऑर्गन वापरू द्याल का’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायला पाळकांना समितीला विचारावं लागतं. दुसऱ्याला मात्र बहुतेक जण लगेच हो म्हणतात, कारण ऑर्गन न वाजता पडून राहणं त्यालाही बरं नसतं. मी घराजवळच्या चार चर्चना लिहिलं, दोघांनी किल्ली दिली. सराव चालू असताना चर्च कधी रिकामं नसतंच. कोणी फुलं मांडत असतं, कोणी पितळ पुसत असतं. मला पहिलं काम मिळालं ते फुलं मांडणाऱ्या एका आजींमुळे. तीन आठवडे मी एकच गीत घोटत होतो, ते त्यांनी ऐकलं होतं. त्यांनीच पाळकांना सांगितलं, ‘तो पुढच्या रविवारी मोकळा असेल, विचारून बघा.’

आता पायांचं. पाइप ऑर्गनला भाता विजेवर चालतो आणि पायांखाली आणखी एक कीबोर्ड असतो, पेडल म्हणतात तो, सहसा 30 किंवा 32 लाकडी पट्ट्यांचा. त्यावर पायांनी खर्जाचे सूर वाजवायचे. माझे पाय चौदा वर्षं हवा भरत आलेले. पहिल्या सरावाला बसलो आणि दुसऱ्याच ओळीला उजवा पाय आपोआप खाली-वर व्हायला लागला. ऑर्गनने इमानदारीत प्रत्येक वेळी खालचा सूर घुमवला. नगरच्या माझ्या सरांना रात्री फोन केला, तर ते म्हणाले, ‘अरे, मग पाय बांधून ठेव. निदान डावाच वापर, उजवा घडी करून बस.’ चेष्टा वाटली, पण तेच केलं. पहिला महिना फक्त डाव्या पायाने, तोही प्रत्येक मापाच्या पहिल्या ठोक्याला एकच सूर. पेडल येत नसेल तर बदलीचं काम घेऊच नये असं नाही. हातांनी नीट वाजवणारा माणूस पायांनी गोंधळ घालणाऱ्यापेक्षा चर्चला केव्हाही परवडतो. फक्त फोनवर आधी सांगायचं.

स्टॉप, म्हणजे नळ्यांचा एकेक संच चालू करणाऱ्या खुंट्या, बघून घाबरू नका, पेटीवाल्याला ते लवकर कळतात. आपल्याकडे पेटीत खर्ज, नर, मादी असे सूर असतात ना, तसंच. स्टॉपवर 8 लिहिलेलं असलं की पट्टी दाबाल तोच सूर, 16 म्हणजे त्याखालचं सप्तक, 4 म्हणजे वरचं, 2 म्हणजे त्याच्याही वरचं. हे आकडे साधारणपणे सर्वांत लांब नळीच्या फुटांतल्या लांबीचे आहेत. अनोळखी ऑर्गनवर गीतासाठी ग्रेटवर, म्हणजे हातांच्या मुख्य कीबोर्डवर, 8 फुटी डायपेसन आणि 4 फुटी प्रिन्सिपल हे स्टॉप ओढायचे, पेडलला 16 फुटी बोर्डन, आणि पेडलला ग्रेट जोडणारा कपलर. मंडळी भरलेली असली तर 2 फुटी. बाकी स्टॉप ओळख झाल्यावर.

खरी अडचण वेगळीच निघाली आणि तिच्याबद्दल मला कोणीच सांगितलं नव्हतं. आपण साथीला बसतो. गाणारा पुढे, पेटी त्याच्या मागे, सावलीसारखी. त्याने जागा घेतली की आपण थांबायचं, तो समेवर आला की आपण तिथे. चांगल्या साथीदाराचं कौतुक आपल्याकडे याच गोष्टीसाठी होतं. इथे नेमकं उलटं. पहिल्या रविवारी मी गीताची ओळ वाजवली आणि मंडळी गाऊ लागल्यावर, सवयीने, त्यांच्या आवाजाकडे कान देऊन वाजवायला लागलो. ऑर्गन मागच्या भिंतीपाशी, माणसं पुढे, आवाज माझ्यापर्यंत पोचायला उशीर. मी त्यांची वाट बघतोय, ते माझी वाट बघताहेत. तिसऱ्या कडव्यापर्यंत गीत इतकं संथ झालं की प्रेतयात्रा बरी. उपासना संपल्यावर चर्चचे एक वयस्क वॉर्डन (मंडळीने निवडलेले कारभारी) आले आणि हळूच म्हणाले, ‘आम्ही तुमच्या मागे येतो. तुम्ही आमच्या मागे येऊ नका.’

तेव्हापासून मी गीतं अशी तयार करतो. गाणं मोठ्याने म्हणत वाजवायचं आणि श्वास घेतो तिथेच हात उचलायचे. ओळ संपली की किंचित उचल, कडवं संपलं की ठरलेले मोजके ठोके थांबून पुढचं कडवं, प्रत्येक वेळी तितकेच. सुरुवातीची ओळ ज्या लयीत वाजवली त्याच लयीत गीत, मग मंडळी ओढो की ढकलो. बाखचा एखादा फ्यूग, म्हणजे ऑर्गनची अवघड रचना, अर्धवट आला तरी कोणी फारसं बोलत नाही, पण गीताची लय हलली की सगळ्यांना कळतं. नव्या माणसाने सरावाचा पाऊण वेळ गीतांनाच द्यावा, असं माझं ठाम मत आहे. माझ्याबरोबर शिकणारे काही जण याच्याशी सहमत नाहीत. ते अजून सुट्या रचना घोटताहेत आणि बदलीचे फोन मला येतात.

दुसरा फटका नाताळात बसला. ‘ओ लिटल टाउन ऑफ बेथलेहेम’ हे कॅरल यादीत होतं. मला ते झोपेतही येतं. पुस्तक न उघडताच सुरुवात केली आणि दीडशे माणसं गप्प. नगरला काम उभारलं ते अमेरिकन मराठी मिशनने, 1831 पासून. त्यामुळे आमच्याकडे या कॅरलची चाल अमेरिकन, ल्युइस रेडनरची 1868 मधली. इंग्लंडमध्ये मात्र ते ‘फॉरेस्ट ग्रीन’ या चालीवर म्हणतात. मूळ इंग्लिश लोकगीताची चाल, संगीतकार राल्फ वॉन विल्यम्सने 1906 च्या ‘इंग्लिश हिम्नल’ या गीतपुस्तकासाठी बसवलेली. ‘अवे इन अ मँजर’चंही तेच, दोन देश दोन चाली. म्हणून आता फोनवर तीन गोष्टी विचारल्याशिवाय ठेवत नाही: कुठलं पुस्तक, कितवं गीत, चालीचं नाव काय. इथे चालींना गीतांपेक्षा वेगळी नावं असतात आणि लोक ती नावं पाठ म्हणतात. आठवड्यातून चार चाली नावासकट पाठ करायच्या, ही सवय मला परीक्षेच्या तयारीपेक्षा जास्त उपयोगी पडली.

स्तोत्रांचं गाणं मात्र मला अपेक्षेपेक्षा सोपं गेलं. अँग्लिकन चर्चमध्ये स्तोत्रं एका छोट्या चालीवर म्हणतात. ओळ लांब असो की आखूड, एकाच सुरावर शब्द म्हणत जायचे आणि खुणा केलेल्या जागी सूर बदलायचा. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही. ओवीतही अक्षरं कमी-जास्त झाली तरी चाल सांभाळून घेते. फक्त इथे शब्द इंग्रजी आणि चारही सूर एकदम धरायचे.

पैशांविषयी थोडक्यात. बदलीच्या एका उपासनेचे मला पहिल्यांदा 50 पौंड मिळाले. लग्नाचे जास्त मिळतात, आणि व्हिडिओ काढणार असतील तर वेगळे मागायची पद्धत आहे. हे आधी ईमेलवर ठरवा. एका ठिकाणी मी तोंडी ठरवलं, व्हिडिओवाले दोन आले आणि पैसे एकाचेही मिळाले नाहीत. आणखी एक रिवाज लक्षात ठेवा: कायम वादक असलेल्या चर्चमध्ये जोडप्याने बाहेरचा वादक आणला, तरी कायम वादकाला त्याची फी मिळते. तुम्ही बाहेरचे असाल तर कोणाच्या पोटावर पाय येत नाही ना, हे पाळकांना विचारून घ्या. लग्नाला लागतात त्या चार-पाच रचना: वॅग्नर, मेंडेल्सोन, क्लार्क, पाखेलबेल, आणि हौशी जोडपं असेल तर विडोरची टोकाटा. अंत्यविधीला ‘अबाइड विथ मी’ हमखास. ती चाल 2021 पर्यंत दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये वाजायची, त्यामुळे आपल्याला ओळखीची असते, मराठी ख्रिस्ती नसलेल्यांनाही.

कागदपत्रं. आश्रित व्हिसावर काम करायची मुभा असते, व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक होणं सोडून. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे, त्यामुळे बदलीचे सुटे पैसे घेताना विद्यापीठाच्या सल्लागाराला विचारल्याशिवाय हात पुढे करू नका. करवर्ष 6 एप्रिलला सुरू होतं, आणि वर्षाला 1000 पौंडांवर सुटी कमाई गेली की कर खात्याकडे नोंद करावी लागते. गायकवृंदात मुलं असतील तर डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी, होते, तिचा कागद येईपर्यंत वेळ जातो, तेव्हा आधीच तयारी ठेवा. रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्सच्या परीक्षा पुढे उपयोगी पडतात, पण बदलीच्या पहिल्या वर्षी मला कोणी प्रमाणपत्र विचारलं नाही. ‘रविवारी नऊला पोचाल का?’ एवढंच विचारलं. रविवारी सकाळी इथे बसेस कमी असतात. माझ्या पहिल्या दोन पगारांतून सेकंडहँड सायकल आली.

ऐकून शिकायचं असेल तर बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमधल्या दुपारच्या ऑर्गन मैफलींना जा. तिथला ऑर्गन विल्यम हिल यांनी 1834 मध्ये बांधला आणि 1846 मध्ये मेंडेल्सोनच्या ‘एलायजा’ या गायकवृंद आणि वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेचा पहिला प्रयोग त्याच सभागृहात झाला. जवळच्या सिम्फनी हॉलमध्ये क्लाइस कंपनीचा मोठा ऑर्गन आहे, 2001 मधला. बाहेर पडताना ऑर्गनवाले लोक कॉफीपाशी घोळका करून उभे राहतात. मला बदलीची दोन कामं त्या घोळक्यात मिळाली.

दीड वर्षाने कायम जागा मिळाली. छोटं चर्च, दोन कीबोर्ड, अकरा स्टॉप, गायकवृंदात सहा जण, त्यातले दोघे ऐंशीच्या पुढचे. मुलाखतीत त्यांनी मला एकही सुटी रचना वाजवायला लावली नाही. एक गीत दिलं, आणि सगळी समिती उठून गायला लागली.

गेल्या महिन्यात सोलापूरहून आलेल्या एका मुलीचा मेसेज आला, सरावाला ऑर्गन मिळेल का म्हणून. गुरुवार दुपारची वेळ दिली आहे. गुरुवारी हीटर बंद असतो, म्हणून दोन स्वेटर घालून ये म्हटलंय.