कालवाच्या जिवंत पेशींतील ऑक्सिडंट रेणू कसे पाहावेत

कोकणातील खाड्यांत खडकाला धरून वाढणारे कालव या कामासाठी सोयीचे आहे, कारण त्याच्या रक्तपेशी काचेला आपोआप चिकटतात आणि जंतू गिळताना ऑक्सिडंट रेणू (हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे, इतरांचे ऑक्सिडीकरण करणारे) तयार करतात. शिंपल्याच्या कडेला खाच पाडून, शिंपले मिटून धरणाऱ्या स्नायूतून बारीक सुईने थंड सिरिंजमध्ये द्रव ओढावा आणि लगेच कव्हरस्लिपवर (सूक्ष्मदर्शकाच्या पातळ काचेवर) सोडावा.

खरी गफलत पुढे, बफरपाशी, म्हणजे पेशी ज्या क्षारद्रावणात ठेवायच्या त्यापाशी होते. सस्तन पेशींसाठीच्या नेहमीच्या फॉस्फेट बफरची तीव्रता (विरघळलेल्या कणांचे प्रमाण) सुमारे ३०० मिलीऑस्मोल, तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १००० असते. त्यामुळे तो बफर वापरला की पेशी फुगतात आणि आपण निरोगी नव्हे, तर त्रासलेल्या पेशी मोजत बसतो. म्हणून त्याच खाडीचे, ०.२२ मायक्रॉन गाळणीतून गाळलेले पाणी वापरावे. पावसाळ्यात रत्नागिरीच्या भाट्ये खाडीसारख्या ठिकाणी गोडे पाणी मिसळून क्षारता उतरते, तेव्हा ती दर वेळी मोजावी. तापमानही ३७ अंश नको. खाडीच्या पाण्याइतके ठेवावे.

डीसीएफ-डीए हा प्रोब (ऑक्सिडीकरण झाल्यावर चमकणारा शोधक रेणू) डीएमएसओ या द्रावकात १० मिलीमोलर करून, छोट्या कुप्यांत उणे २० अंशांवर ठेवावा. आपल्याकडच्या दमट हवेत थंड कुपी तशीच उघडली तर आत पाणी धरते, म्हणून ती आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. पेशींना १० मायक्रोमोलर प्रोब देऊन अंधारात अर्धा तास ठेवावे व धुवावे. पेशीतील एस्टरेज विकरे त्याचे अॅसिटेट गट तोडतात, आणि उरलेला रंगहीन रेणू ऑक्सिडीकरणानंतर ४८८ नॅनोमीटरच्या प्रकाशात हिरवा चमकतो. पेशींवर टाकलेला हा प्रकाश स्वतःच प्रोबचे ऑक्सिडीकरण करतो, म्हणून फोकस साध्या प्रकाशात जुळवावा आणि फ्लुओरेसन्सचे चित्र कमीत कमी तीव्रतेने, एकदाच टिपावे.

ही चमक म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडचे माप, असे सर्रास लिहिले जाते, ते बरोबर नाही. लोह किंवा पेरॉक्सिडेज विकराच्या साहाय्यावाचून पेरॉक्साइड या प्रोबला फारसे शिवत नाही. म्हणून प्रोब न दिलेल्या पेशी, पेशींविना प्रोब, पेरॉक्साइड दिलेल्या पेशी आणि एन-अॅसिटिलसिस्टीन (ऑक्सिडंटरोधक) दिलेल्या पेशी, असे तुलनेचे चारही नमुने त्याच दिवशी, त्याच कालवाच्या द्रवातून करावेत. नेमके पेरॉक्साइडच पाहायचे असेल तर बोरोनेट गटाचे प्रोब घ्यावेत, पण तेही पेरॉक्सिनायट्राइट या दुसऱ्या ऑक्सिडंटशी अधिक वेगाने अभिक्रिया करतात, हे निष्कर्ष लिहिताना नमूद करावे.