दिवाळीचा किल्ला करताय? तटबंदीतल्या या चुका टाळा

वसुबारसेच्या आधी चार दिवस साताऱ्याच्या पेठांमधून चक्कर मारली की बोळाबोळांत पोरं कोपरापर्यंत चिखलात बुडालेली दिसतात. आमच्या गल्लीतले किल्ले मी दरवर्षी बघतो, पोरांनी हात लावू दिला तर मदतही करतो. मेहनत जीव तोडून केलेली असते. तरी एक चूक जवळजवळ प्रत्येक किल्ल्यात सापडते. पोत्यांवर माती थापून गोल ढिगारा करायचा आणि त्याच्या माथ्यावर चहूबाजूंनी सारख्या उंचीची भिंत फिरवायची, बंगल्याला कंपाउंड घालावं तशी. डोंगरी किल्ल्याचा तट असा नसतो. तिथे निम्मी लढाई डोंगरच लढतो. कडा जिथे कमी पडतो, तिथे माणूस दगड रचतो.

साताऱ्याच्या मुलांना याचा पुरावा शोधायला लांब जायला नको, तो डोक्यावरच उभा आहे. औरंगजेबाने १६९९ च्या डिसेंबरात अजिंक्यताऱ्याला वेढा घातला. त्या वेढ्याच्या हकिगतीत गडाच्या ईशान्य कोपऱ्याची उंची ६७ फूट दिली आहे. त्यात ४२ फूट उभा कातळ आणि त्यावर २५ फूट बांधकाम. म्हणजे भिंतीचा मोठा वाटा निसर्गाचा! हा कोपरा फोडायला मोगलांना महिनोन् महिने सुरुंग खणावे लागले. एप्रिल १७०० मध्ये पहिला सुरुंग उडाला, तेव्हा तट आत कोसळून गडावरचे लोक दबले. किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. दुसऱ्या सुरुंगाने तट बाहेर फेकला गेला आणि चढाईला सरसावलेले हजाराहून जास्त मोगल त्याखाली गेले. गड त्या दिवशी पडला नाही. तो काही दिवसांनी हाती गेला, राजाराम महाराजांच्या निधनाची बातमी आल्यावर आणि रसद संपत आल्यावर.

म्हणून आधी कडा करा. माती ओली असतानाच उलथन्याने उभी खरवडा, विटांचे तुकडे उभे खोचा. मग कडेकडेने बोट फिरवून बघा: बोट जिथे अडतं तिथे तट बुटका चालेल, जिथे सहज वर सरकतं तिथे उंच हवा. आणि डोंगराची सोंड जिथून खाली उतरते, तिथे एका तटावर भागवू नका, दुहेरी करा. राजगडाच्या संजीवनी माचीवर हेच केलंय. बाहेरचा तट पडला तरी शत्रू दोन भिंतींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत सापडतो.

याच्या उलटी चूकही होते आणि ती जास्त महागात पडते: कडा आहे म्हणून ती बाजू मोकळी सोडणं. १६७० मध्ये तानाजी मालुसरे सिंहगडाच्या कड्यावरूनच वर आले. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद साठ गड्यांनिशी पन्हाळ्याचा कडा रात्री चढले आणि गड घेतला. तुमचे सगळे मावळे सिंहासनाभोवती रांगेत उभे करू नका. दोन-चार कड्याच्या टोकाला, गावाकडे पाठ आणि दरीकडे तोंड करून ठेवा.

दरवाजा तर सगळी मुलं बघणाऱ्याच्या समोर ठेवतात. फोटो छान येतो, पण तोफेलाही तसाच छान दिसतो. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कवेत लपलेला आहे, अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. वाट वळवून आणली की हत्तीला धावत येऊन धडक देता येत नाही आणि वरच्यांना मारा करायला भरपूर वेळ मिळतो. तुमची पायऱ्यांची वाट बुरुजाखालून निदान एकदा तरी वळवा.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा: शेजारचा डोंगर. किल्ल्याशेजारी बसायला म्हणून मुलं मातीचा दुसरा ढीग करतात, त्यावर आळीव पेरतात आणि विसरून जातात. वासोटा असाच गेला. समोरच जुना वासोटा आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यावर तोफा चढवल्या आणि कोयनेच्या दाट रानातला हा अवघड गड शरण आला. पुरंदरची गोष्टही तीच. १६६५ मध्ये दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला, मग तिथून पुरंदरावर मारा केला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, याबद्दल स्पष्ट बजावलं आहे: गडाजवळ दुसरा डोंगर नसावा, असेल तर सुरुंग लावून तो उतरवावा, ते जमत नसेल तर तोही बांधून ताब्यात ठेवावा. तेव्हा दुसरा ढीग केलाच असेल, तर त्यावर एक बुरूज आणि एक झेंडा हवाच.

जंग्या, म्हणजे बंदूक चालवायला तटात ठेवलेली भोकं, पेन्सिलीने आडव्या पाडू नका. खरी जंगी बाहेरच्या बाजूला खाली झुकलेली असते, नाहीतर बंदुकीची गोळी चढणाऱ्याच्या डोक्यावरून जाते. पेन्सिल आतून तिरकी खाली घाला, झालं. आळीव तटावर पेरू नका, ते उतारावर शोभतं. खऱ्या तटात पिंपळ-उंबराची मुळं सांध्यात शिरून दगड उचकटतात.

तट रात्रीत फुगून ढासळला असेल, तर बहुतेक वेळा दोष मातीचा नसतो. परतीच्या पावसाचं पाणी आत साचून भिंतीला ढकलतं. तटाच्या तळाशी स्ट्रॉचे तुकडे आरपार खोचा. सुकल्यावर भेगा पडत असतील तर पाणी जास्त झालंय. माती घट्ट मळा, त्यात शेण आणि बारीक भुसा घाला.

पाण्याचं टाकं शेवटी आठवतं आणि मग वाटीभर पाणी कोपऱ्यात ठेवलं जातं. किती तरी गडांवर टाकं आणि तट ही एकाच कामाची दोन टोकं आहेत: कातळ फोडून दगड भिंतीला गेला आणि उरलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं. पाटणजवळच्या दातेगडावर तलवारीच्या आकाराची विहीर आहे, कातळात खोल कोरलेली, आत उतरायला पायऱ्या. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका मुलीने माथ्यावरून उकरलेली मातीच तटाला लावली आणि त्या खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरून पाणी भरलं. भाऊबीजेपर्यंत ते टिकलं. तिने त्यात रोज दोन कमळाच्या पाकळ्या सोडल्या.