मैदानाचं आरक्षण बदलताना घेतलेली हरकत टिकली ती अशी

आमची पहिली हरकत कच्ची होती. 'मैदान वाचवा' असं लिहून दोनशे सह्या जोडल्या होत्या, पण भूखंडाचा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांकच नव्हता. सह्यांचं वजन पडतं हा गोड गैरसमज आहे.

दुसऱ्यांदा आधी मालमत्ता पत्रक आणि डीपी रिमार्क, म्हणजे आराखड्यातल्या नोंदीचा महापालिकेचा दाखला, काढला. मुंबईच्या विकास आराखडा २०३४ मध्ये त्या सीटीएसवर कुठलं आरक्षण आहे, ते त्यात कळतं. मग आरक्षण बदलाची जाहीर सूचना वाचली. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायदा १९६६, कलम ३७ असेल तर हरकत महापालिकेकडे जाते. ३७(१कक) असेल तर फेरबदल शासन स्वतः करतंय, म्हणून सूचनेत दिलेल्या अधिकाऱ्याकडेच द्यायची. मुदत सूचनेच्या तारखेपासून एक महिना, आपल्याला कळल्यापासून नव्हे.

हरकतीत तीन गोष्टी पुरतात: सीटीएस, मूळ आरक्षण, आणि बदलाने नेमकं काय जातं. पर्यायी मैदान कुठे देणार, हा प्रश्न जरूर विचारा. पोचेवर शिक्का आणि तारीख घ्या, सुनावणी लेखी मागा, बोललेलं त्याच दिवशी लेखी द्या.

मंजुरी निघालीच तर कलम ४७ चं अपील करू नका. ते बांधकाम परवानगीच्या अर्जदारासाठी आहे. फेरबदलाविरुद्ध अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. तिथे ती शिक्क्याची पोच लागते. सुनावणीचा अहवाल माहिती अधिकारात मागवायचा, शुल्क १० रुपये.